कोरड्या बियाण्यावरची सही

साठपैकी सतरा सीड प्लेटा आमच्या कारखान्यातून गाडीने तळेगावच्या डीलरकडे निघून गेल्या होत्या आणि टेस्ट रिपोर्टवर सही माझी होती. उरलेल्या पॅक होत असताना देवळीच्या वंदनाताई स्वतःची प्लेट न्यायला आल्या.

सीड प्लेट म्हणजे पेरणी यंत्रातली थाळीएवढी चकती. तिच्या कडेला भोकं असतात. चकती फिरते, प्रत्येक भोक एक दाणा उचलतं आणि खाली सरीत सोडतं. भोक चुकलं की सरी रिकामी. एवढंच तिचं काम, पण हंगामात ते एकदाच करायचं असतं.

आम्ही या प्लेटा साच्यात करतो. वितळलेलं नायलॉन पोलादी साच्यात दाबून भरायचं, अर्ध्या मिनिटात प्लेट बाहेर. साचा आरशासारखा घासलेला असतो, म्हणून प्लेटही गुळगुळीत निघते. यंदा ऐन वेळी साच्याला तडा गेला. दुरुस्तीला तीन आठवडे, पेरणी दहा-बारा दिवसांवर. मग नागपूरच्या लॅबमधून लेझर प्रिंटिंग करून घेतलं. त्यात साचा नाही. नायलॉनची पावडर पातळ पसरायची, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुन्हा पावडर. चार दिवसांत साठ प्लेटा आल्या. मापं चोख होती. पाच किलो सोयाबीन फिरवलं, एक दाणा चुकला नाही. मी खुशीत सही ठोकली.

वंदनाताईंनी भोकात बोट फिरवलं. "मॅडम, हे खरखरीत काऊन लागून राह्यलं?"

"पावडरचं आहे ना, थोडं लागणारच. टेस्ट केली आहे, ताई."

"कायच्यावर?"

"सोयाबीनवर."

"कोरड्या? कोरडं कोण पेरते, मॅडम?"

आमच्याकडे पेरणीआधी सोयाबीनला गूळपाण्यात कालवलेलं जिवाणू खत चोळतात आणि सावलीत सुकवतात. माझ्या माहेरी-सासरी हेच चालतं. वीस वर्षं गुळगुळीत प्लेटांवर कोरडी टेस्ट चालून गेली, म्हणून मला कधी विचारच करावा लागला नव्हता.

जिवाणूंचं पाकीट ताईंच्या पिशवीत होतं. कँटीनमधून गूळ मागवला. त्यांनीच दाणे चोळून पंख्याखाली पसरले. सुकेपर्यंत मी तीनदा पाणी प्यायले. मग मशीन सुरू केलं. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. नंतर खरखरीत भोकांत काळपट थर बसू लागला आणि दर चौथा दाणा भोकातच अडकून गोल फिरू लागला.

वानखडेसाहेब, आमचे मालक, बघत उभे होते. "गाडी परत बोलावली तं डीलर काय म्हणन?"

"नाही बोलावली तर शेतकरी काय म्हणतील, साहेब?"

"सही तुमची आहे, मॅडम. लावा फोन."

फोन लावला. डीलरने वाटून टाकल्या होत्या. सोळा परत मिळतील म्हणाला. सतरावी नेणारे शेतकरी सुरेशभाऊ फोन उचलत नव्हते.

इकडे आम्ही भोकं एमरी पेपरने घासली. गुळगुळीत झाली, पण मोठीही झाली, आणि आता दोन-दोन दाणे पडू लागले. मला रडू यायचं बाकी होतं. मग लेझरची खरी सोय लक्षात आली. पोलादी साच्यात भोक बदलायचं तर नवं पोलाद कापावं लागतं, इथे फक्त ड्रॉइंग बदलायचं. घासण्यात जेवढं झिजतं तेवढं भोक आधीच लहान काढलं आणि लॅबला पाठवलं. पाचव्या दिवशी प्लेटा आल्या. सगळ्यांनी मिळून घासल्या आणि या वेळी गूळ लावलेल्या बियाण्यावरच तपासल्या. साठही पास.

नवी प्लेट घेऊन मी स्वतः तळेगावला गेले. तिकडे ओल आधी झाली होती आणि सुरेशभाऊंचं एक एकर पेरून उगवलंही होतं. ओळींत भगदाडं दिसत होती.

"यंत्र बरं आहे, मॅडम," ते म्हणाले, "फक्त दर चार पावलांवर डुलकी घेते."

मला हसू आलं नाही. त्यांच्या घरच्या बायकांबरोबर दुपारपर्यंत वाकून मीही नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी हाताने दाणे टोकले. उशिरा टोकलेलं मागेच राहणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

साचा आता दुरुस्त झाला आहे. साचा चांगला की लेझर, असं नवे इंजिनिअर विचारतात. मी त्यांना आधी गूळ आणायला पाठवते.