कुलसुमबीचे तीन दिवस

मेलेल्या माणसाबद्दल वंगाळ बोलू नये म्हणतात. मला कुलसुमबीबद्दल वंगाळ बोलायचंच न्हाई. तिच्या भावाबद्दल बोलायचंय, अन् तो चांगला धडधाकट जिवंत हाय.

युसूफ वडगावात आमच्या दोघींच्या घराला मधली भिंत एकच. पलीकडं कुलसुमबी मन्यार, अलीकडं मी विजयमाला, दोन शेळ्यांची मालकीण. मी नांदायला आले तवा माझ्या हातात पहिला चुडा तिनंच भरला. मी माहेराच्या आठवणीनं मुसमुसत होते. ‘रडू नगं विजू, हात सैल सोड,’ म्हणली. त्या दिवसापासून मी तिला आपा म्हणत आले. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन चाळीस वर्सं फिरली ती बाई. केज काय, धारूर काय, वाड्या काय अन् तांडे काय, सगळीकडं एकटी. कुणाच्या बापाला भ्याली न्हाई.

तिचा मालक लाडलेभाई जमातीतला. जमात म्हणजे काय ते मला कुणी शिकवलं न्हाई, पण भिंतीला भिंत लागून राहिलं की माणूस शिकतंच. महिन्यातनं तीन दिवस घर सोडायचं, वर्साला चाळीस दिवस, अन् जमलं तर जन्मात एकदा चार महिने. परक्या गावच्या मशिदीत जाऊन उतरायचं. आठ-दहा जणांत एक अमीर, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. पण अमीरानंबी मनाचा कारभार करायचा न्हाई. सकाळी सगळ्यांना बसवून मशवरा करायचा, आज चूल कुणाकडं, दारोदार जाणार कोण, बोलणार कोण. मंग गावातला एक वाटाड्या पुढं घालून गल्लीगल्लीत फिरायचं अन् दारात उभं राहून म्हणायचं, भाऊ, नमाजाला चला. खर्च ज्याचा त्यानं करायचा. लाडलेभाईला घरी चहा टाकता येत न्हवता, अन् जमातीत जाऊन दहा माणसांचं कालवण करायला शिकला! ‘आपाला कधी खाऊ घालणार ते कालवण?’ म्हणून मी डिवचायची, तर दाढीतल्या दाढीत हसायचा.

बायांसाठी दर शनिवारी दुपारी आपाच्या घरी तालीम. पंधरा-वीस बाया जमायच्या, एकीनं किताब वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायची ती आपाच. मी भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसायची. निम्मं उर्दू डोक्यावरनं जायचं, पण आवाज लई गोड. ती वाचायला लागली की माझं चित्त थाऱ्यावर यायचं.

तिची हौस म्हणाल तर एकच. बायांचीबी जमात निघती, तीन दिवसांची. बाया एका घरात राहतात अन् त्यांची माणसं जवळच्या मशिदीत. तिला एकदा जायचं होतं. म्हणायची, ‘परक्या गावात बांगड्या इकायला लई गेले विजू. एकदा काईच न इकता जायचंय.’

पण त्याला मेहरम लागतो. मेहरम म्हणजे नवरा, न्हाईतर ज्याच्याशी लगीन कधीच होऊ शकत न्हाई असा नात्यातला पुरुष, बाप, भाऊ, पोरगा असा. लाडलेभाई म्हणायचा, औंदा जाऊ, पुढल्या साली जाऊ. अन् एक दिवस मशिदीतनं आला, जरा पडतो म्हणला, तो उठलाच न्हाई. पोटी पोर न्हवतं. उरला आपाचा एक धाकटा भाऊ, माजलगावचा दस्तगीर.

मी भडकले. ‘चाळीस वर्सं रानोमाळ एकटी हिंडलीस, तवा कुठं गेलता तुमचा मेहरम?’

ती शांत. ‘ते पोटासाठी होतं गं. हे अल्लाचं काम हाय. त्याच्या कामाला जायचं तर त्याच्या कायद्यानं.’

‘मंग मी येते की तुझ्यासंगं!’

‘तू मेहरम न्हाईस बाई, तू निस्ती भांडखोर हायस,’ म्हणली, अन् दोघी पोट धरून हसलो.

दस्तगीर तयार झाला. तोबी जमातीतला, लई पक्का. दोघांची नावं लिहिली, पाटोद्याला जायचं ठरलं. आपानं बॅग भरली. दोन साड्या, नमाजाला अंथरायची जानमाज, लोटा, किताब, अन् फडक्यात गुंडाळलेल्या बांगड्या.

‘इकायच्या न्हाईत म्हणलीस ना?’

‘ज्या घरात उतरू तिथल्या बायांना द्यायच्यात. कुणाचं मनगट केवढं, आपल्याला काय ठाऊक? म्हणून सगळी मापं घेतलीत.’

अन् नेमकं तवाच वर दिल्लीकडं जमातीच्या मोठ्या लोकांत फूट पडली. एक म्हणती, अमीर एकच, त्याचं ऐका. दुसरे म्हणती, न्हाई, चारचौघांच्या सल्ल्यानं चालवा. कोण बरोबर ते मला कळत न्हाई, अन् मला इचारतंय कोण! पण भांडं दिल्लीत फुटलं अन् काच आमच्या गल्लीत येऊन पायात घुसली. आमच्या गावची मशीद एका बाजूला गेली, दस्तगीरची माजलगावातली दुसऱ्या. इथल्या मशवऱ्यात ठरलं, भाऊ तिकडचा हाय, त्याला आपल्या जमातीत घेता येत न्हाई. त्यानं इकडं यावं, मंग बघू.

आमी दोघी एष्टीनं माजलगावला गेलतो. दस्तगीरनं चहा दिला, बिस्किटं दिली. आपा त्याच्यापुढं खाली बसली.

‘तीन दिवस दे रे दस्तगीर. तीन दिवस इकडच्यांत ये, मंग तुला पाहिजे तिकडं जा.’

‘उसूलाचा सवाल हाय आपा,’ म्हणला. ‘तूच आमच्यात ये. पण आधी तुझ्या घरची ती त्यांच्यातली तालीम बंद कर.’

वीस वर्सांची तालीम! आपा उठली, भावाच्या डोक्यावरनं हात फिरवला अन् निघाली. एष्टीत खिडकीकडं तोंड करून पदराचा बोळा तोंडात धरून रडली. मी मेली सगळ्यांशी भांडणारी, निस्ती तिचा हात धरून बसले.

आठ वर्सं गेली. भाऊ आला न्हाई, ही गेली न्हाई. दर उन्हाळ्यात बॅग खुंटीवरनं काढायची, साड्यांना ऊन द्यायची, परत भरून ठेवायची. मी चिडायची, ‘टाक ती बॅग चुलीत!’ ती म्हणायची, ‘आपलं तयार असावं माणसानं.’

औंदा तिला धाप लागायला लागली. दवाखाने झाले. एका शनिवारी वाचता वाचता दम तुटला अन् किताब दुसरीच्या हातात दिली. पुढल्या बुधवारी दुपारी गेली. माझा हात तिच्या हातात होता, माझ्या बांगड्या चाचपत होती.

बायांनी न्हाऊ घातलं, कफन झालं. मंग माणसं म्हणली, जरा थांबा. बाईला कबरीत उतरवायला मेहरम असंल तर त्यानंच उतरवावं. माजलगावला फोन गेला. दस्तगीर दीड तासात आला. आठ वर्सं जो मेहरम मिळाला न्हाई, तो दीड तासात दारात! जनाज्याच्या नमाजाला दोन्हीकडची माणसं एका रांगेत उभी राहिली. तू कुणाकडचा म्हणून कुणीच कुणाला इचारलं न्हाई.

तो परत आला तवा हाताला माती होती. मी बॅग त्याच्या पुढ्यात ठेवली. लई शिव्या द्यायचं ठरवलं होतं. तोंडातनं एवढंच आलं, ‘भाऊ, तीनच दिवस मागितले होते ना तिनं.’

त्यानं बॅग उघडली, फडकं सोडलं. ‘या कुणाच्या?’

‘पाटोद्याच्या बायांच्या.’

तो उंबऱ्यावरच बसला अन् लहान लेकरासारखा हंबरडा फोडला. मला दया आली न्हाई. खोटं कशाला सांगू, नंतर आली.

बॅग त्यानं नेली. माझ्या मापाच्या चार बांगड्या तेवढ्या मी मागून घेतल्या. परवा घालायला बसले. पण घट्ट माप आपलं आपल्याला चढत न्हाई, समोर बसून हात दाबणारी लागती. चढवता चढवता दोन वाढल्या. उरलेल्या दोन फडताळात ठेवल्यात. हात सैल सोड म्हणणारी आता कुणी न्हाई.