गुलाबी रंगवलेली आजी

पनवेलजवळ विचुंब्याच्या आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आजीचा फोटो असायचा. जुनं घर पाडून इमारत झाली, आम्ही त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तरी फोटोची जागा देव्हाऱ्याशेजारीच राहिली. शालू नेसलेली तरुण बाई, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून उभी, नाकात ठसठशीत नथ, मागे महालाचे खांब रंगवलेला पडदा. फोटो मुळात काळा-पांढरा. नंतर त्यात कुणीतरी हाताने रंग भरलेले. शालू हिरवा, गाल आणि हात गुलाबी.

माझे वडील दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, घरात भिंत धरून चालतात, पण अंघोळ झाली की आधी तिच्यापुढे हात जोडतात. पितृपक्षात अविधवा नवमीला माझी आई त्या फोटोला हळदीकुंकू लावायची, तिच्यामागे मी लावते. घराण्यात मुलगी जन्मली की सगळे रंग बघत. गोरी असेल तर म्हणत, आजीवर गेली. मी आजीवर गेले होते. माझी मुलगी सावळी. तिच्या लहानपणापासून पाहुण्यांसमोर मी हसत हसत सांगत आले, आजीचा रंग माझ्यापर्यंत आला आणि संपला.

गेल्या वर्षी पनवेलमध्ये जुन्या नाटकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं ठरलं. ते भरवणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक. नटांची छायाचित्रं, रंगवलेले पडदे, मुकुट, तलवारी असलं सगळं ते वर्षानुवर्षं जमवत आलेत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ओळख होती. घरी चहाला आले आणि फोटोसमोर थबकले.

"या कोण?"

"आजी माझी."

"बघा, उभं राहण्याची ही ढब, हा पदर. नाटकात बायकांची कामं पुरुष करायचे, आणि घरच्या बायका ती बघून नथ घालायला, पदर घ्यायला शिकायच्या. नटांच्या फोटोंशेजारी मला एका खऱ्या बाईचा फोटो हवाच होता. द्याल?"

बाबांचं मन होत नव्हतं. मीच आग्रह केला. खरं सांगायचं तर आजी चारचौघांत झळकणार याचा मला आनंद झाला होता.

उद्घाटनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. बाईला माईक मिळाला की काय होतं ते माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा. आजी मोठी शौकीन होती, मी म्हणाले. नाटक कधी चुकवत नसे. हा शालू तिच्या माहेरचा, तिकडचं घराणं खानदानी. यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर माझा एक विद्यार्थी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करत होता.

टाळ्या थांबत होत्या तोवर बाजारातले एक म्हातारे दुकानदार घाईघाईने आत आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम.

"माफ करा, उशीर झाला. आमचे दादा, म्हणजे आजोबा, नाटकांना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. त्यांच्या सामानात हा मिळाला."

प्राध्यापकांनी कागद सोडला. आत नाटकमंडळीचा फोटो. मध्ये सिंहासनावर राजा, चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटलेली. मागे भालेवाले. आणि राजाच्या शेजारी माझी आजी. तीच नथ, तोच शालू, सिंहासनाच्या पाठीवर तसाच ठेवलेला हात. पडदाही तोच. घरच्या फोटोत खांबावर जिथे ठिगळ दिसायचं, तिथेच इथेही होतं.

"हे कोण हो?" मी विचारलं.

"हे? हे तर मंडळीचे हिरॉईन!" म्हातारे खूश होऊन म्हणाले. "तुमच्या विचुंब्याचेच. दिवसा मिठागरावर काम, रात्री राणी. दादा म्हणायचे, माशाल्ला, काय रुबाब! बायका त्यांच्याकडे बघून लाजायच्या."

प्राध्यापक एकदा या फोटोकडे, एकदा त्या फोटोकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळला, "अहो, म्हणजे हे तर..." असं म्हणाले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला सोसेना. मागे कुणीतरी हसलं. विद्यार्थ्याचा मोबाईल अजून माझ्याकडेच रोखलेला होता. मी कुणाचा निरोपही न घेता बाहेर पडले आणि आपट्याची रिक्षा केली.

आपट्याला माझी आत्या राहते, बाबांची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती, तिनेच बाबांना वाढवलं. मी गेले तेव्हा ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती.

"आत्या, देव्हाऱ्याजवळचा फोटो कोणाचा?"

तिचे हात थांबले नाहीत. "कलला तुला?"

"आजोबांचा ना? तेच मिठागरावर जायचे."

"माज्या बापाचा हाय. आयचा येक पन फोटो नाय. मिठागरावरच्या बाईचा फोटो कोन काडनार?"

मग तिने सांगितलं. बाबा चारेक वर्षांचे असतील. ट्रंकेत उचकापाचक करताना त्यांना तो फोटो मिळाला. तो घेऊन ते आजोबांकडे धावत गेले.

"ही माजी आय काय, बोलला. आमचा बाप जेवत व्हता. घास हातातच ऱ्हायला. मंग बोलला, हो. दुसरे दिवशी पनवेलला जाऊन काच लावून आनला नि भितीवर टांगला."

"आणि नाटक?"

"त्या दिसापासून बंद. मंडलीवाले घरी आले बोलवायला. बाप बोलला, घसा बसलाय. भ्याव येकच, पोरगा नाटक बगायला आला नि आयला वलखला तर? मंग परत कदी तोंडाला रंग लावला नाय."

आजोबा मला आठवतात ते अबोल, दारात बिडी ओढत बसलेले. नवमीला हळदीकुंकवाची वेळ झाली की ते उठून बाहेर जायचे. बायकोची आठवण येत असेल, असं आम्ही म्हणायचो.

"तू तरी सांगायचंस, आत्या."

आता तिने वाल बाजूला ठेवले. "कोनी इचारला मना? तुमी सगली त्या फोटोकडं बोट दाकवून गोरी गोरी करायचात. माजी आय काली व्हती. तुज्या पोरीवानी काली, तशीच बारीक. मी त्या पोरीला बगते तवा मना आय दिसते. तू तिला लोकांम्होरं काय काय बोलायचीस. मी उठून आत जायची."

मला वर बघवेना. पावडर आणि स्टुडिओतला गुलाबी रंग यांचा मी जन्मभर तोरा मिरवला होता.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन घरी आले. बाबांना सांगायला माझी जीभ रेटेना, तिनेच सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग शहरातल्या नोकरीत कधीच सुटलेली गावची बोली त्यांच्या तोंडात आली.

"मंग आय कशी व्हती, बाय?"

आत्या सांगू लागली. पुढचा दात पडला होता म्हणून हसताना पदर धरायची. मिठाने टाचा फुटलेल्या, रात्री त्यांना खोबरेल लावायची. आवाज मोठा, एका हाकेत अख्खी आळी गोळा व्हायची. बाबा लहान मुलासारखे मध्ये मध्ये विचारत होते. मना घेऊन मिठागरावर जायची काय? माज्यावर वरडायची काय? तेवढ्यात तळोज्याहून ड्युटी संपवून माझी मुलगी आली. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं. तिला बघून आत्याने हात पुढे केला, मुलगी जाऊन तिच्याजवळ बसली.

मी तिला माझं भाषण सांगितलं, आत्या काय बोलली तेही सांगितलं. "चुकलं माझं," म्हणाले. विद्यार्थ्याने रेकॉर्ड केलेलं ते भाषण तिने व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच बघितलं होतं.

प्राध्यापकांनी फोन करून विचारलं, फोटोखालच्या कार्डावर काय लिहू? मी आजोबांचं नाव सांगितलं. बाबांना हात धरून प्रदर्शनाला नेलं. ते वडिलांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काम चांगला करत असनार."

आता दर सुट्टीला मुलगी आपट्याला जाते. आत्या तिला आपल्या आईचं काही ना काही सांगत असते. परवा मी विचारलं, "काय सांगते गं आत्या?"

"तू ये ना ऐकायला," ती म्हणाली.

मी अजून गेलेले नाही.