काचेमागची आग

निपाणी सोडायच्या दिवशी आप्पा गाडीत बसायला तयार नव्हते. बॅगा डिकीत गेल्या होत्या, गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या, बेळगावच्या सांबरा विमानतळावर वेळेत पोचायचं म्हणून ड्रायव्हर सारखा मोबाइलकडं बघत होता, आणि माझे वडील पायरीवर बसून नव्या स्वेटरची बटणं लावत होते, काढत होते. शेवटी शेजारच्या पार्वतीआक्कांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

"आप्पा, लेकीकडं चाललाय न्हवं? कुठं जंगलात न्हाय चाललाय."

"जंगल बरं गं," आप्पा म्हणाले. "तिथनं चालत तरी माघारी येता येतंय."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. तुमच्यापैकी ज्या त्या दिवशी दारात होत्या, त्यांना ते आठवत असेल. त्यानंतर फोनवर तुम्ही विचारत राहिलात, आप्पा रमले का, आणि मी "व्हय, रमले की" एवढंच सांगत राहिले. खरं काय झालं ते आज लिहिते आहे.

आप्पांनी उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं. ती धूळ त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. आई गेल्यावर ते एकटे पडले, आणि एका सकाळी परसात बंबाजवळ धाप लागून कोसळले. पार्वतीआक्कांनी बघितलं म्हणून वाचले. मी एकुलती एक. माझे यजमान महेश मूळचे बेळगावच्या खासबागचे, उद्यमबागेत मशीनवर काम करायचे. इथं कॅनडात शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात तेच काम करतात. मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे. आमची ईशा इथल्या शाळेत पहिलीत जाते. गाव लहान, चहूकडं सपाट रान, आणि थंडी अशी की बाहेर नाकातला ओलावा गोठून टोचतो. आप्पांना इथं आणायचं ठरवलं तेव्हा मी घराचा विचार केला, औषधांचा केला, डॉक्टरांचा केला. थंडीबद्दल म्हटलं, घर तर गरम असतं.

घर गरम होतंच. तळघरात फर्नेस आहे, तो गॅसवर चालतो आणि पंख्यानं गरम हवा सगळ्या खोल्यांत सोडतो. जमिनीत जाळ्या आहेत. आप्पा पहिल्या दिवसापासून त्यातल्या एका जाळीशेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. गावाकडं थंडीत त्यांचा दिवस बंब पेटवण्यापासून सुरू व्हायचा. चिपाडं, लाकडाच्या ढलप्या, थोडी फुंकर, डोळ्यांत धूर, मग तांब्याच्या अंगातून येणारा तो आवाज. इथं ते जाळीवर हात धरायचे आणि म्हणायचे, "ही ऊब कुठनं येती ते दिसतच न्हाय गं."

डिसेंबरात एका दुपारी आधी पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला. तारांवर बर्फाचं ओझं आलं आणि सगळ्या गावाची वीज गेली. विजेशिवाय पंखा फिरत नाही, पंख्याशिवाय फर्नेस चालत नाही. अंधार पडायला अजून अवकाश होता, पण घर हाताला कळेल इतक्या वेगानं गार होत चाललं. महेश कामावर होते. मी आप्पांना आणि ईशाला आप्पांच्या खोलीत बसवलं, घरातली होती नव्हती ती पांघरुणं दोघांवर घातली आणि पलीकडं राहणाऱ्या डोरीन म्हातारीकडं लाकडाचा स्टोव्ह आहे, तिच्याकडं दोघांना नेता येईल का ते विचारायला गेले. रस्त्यावर काचेसारखा बर्फ. जाऊन यायला वेळ लागला.

परत आले तर खोलीचं दार आतून ओढलेलं होतं आणि फटीत टॉवेल कोंबलेला. ढकललं. आत आप्पांनी गॅरेजमधला बार्बेक्यूचा कोळसा पत्र्याच्या ट्रेमध्ये घालून पेटवला होता. छान लाल निखारे झाले होते. धूर नव्हता. ईशा पलंगाच्या कडेला ओकत होती आणि "आई, डोकं" एवढंच म्हणत होती. आप्पा भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर.

त्यांनी नातीसाठी शेगडी केली होती. निपाणीच्या घरात कौलं होती, खिडक्यांना फटी होत्या, दार दिवसभर उघडं. तिथं शेगडीनं कधी कुणाचं काही झालं नाही. इथलं घर डब्यासारखं बंद. कोळशातून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. त्याची सूचना देणारा अलार्म पॅसेजमध्ये होता, पण तो भिंतीतल्या विजेवर चालणारा, वीज नसताना गप्प.

मी ईशाला उचलून पुढच्या दारातून बाहेर बर्फात ठेवलं. मग आप्पांना काखेत धरून ओढत नेलं. एवढा माणूस कसा ओढला ते मला अजून कळत नाही. "आप्पा, उठा! आप्पा!" मी ओरडत होते आणि ते डोळे उघडून परत मिटत होते. डोरीनच्या मुलानं त्याच्या ट्रकमध्ये घालून आम्हाला इस्पितळात नेलं. दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मुखवटे लावले. मी मधल्या खुर्चीवर बसले होते, एक हात लेकीच्या पायावर, एक बापाच्या. माझ्या मनात एकच होतं: मी ह्यांना इथं मारायलाच आणलं.

ईशा दुसऱ्या दिवशी टोस्ट मागायला लागली. आप्पांना घरी यायला बरेच दिवस लागले. आधीच दमलेली छाती आणखी दमली होती. घरी आल्यावर ते बोलेनात. ईशा जवळ गेली की भिंतीकडं तोंड करायचे. जेवणाचं ताट परत यायचं. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला.

"मला माघारी पाठव. मी पोरगी मारली असती."

"आप्पा, तुम्हाला म्हाईत न्हवतं."

"म्हाईत न्हाय म्हणूनच म्हणतोय. हितलं मला काईच म्हाईत न्हाय. तितं मेलो तर एकटा मरंन. कुणाला घिऊन तरी जाणार न्हाय."

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की एवढा लांबचा विमानप्रवास ह्या फुफ्फुसांना झेपणार नाही. आता नाही, आणि पुढंही झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. चालत माघारी येण्याइतकं जवळचं कुठलंच जंगल आता उरलं नव्हतं.

मग राहिलं ते घर. वीज परत जाणार होती, ह्या भागात जातेच, आणि पुढच्या वेळी आप्पांना ती थंडी सोसणार नव्हती. जनरेटर आणायचा म्हटलं तर त्या वादळानंतर आसपासच्या सगळ्या दुकानांत एकही शिल्लक नव्हता. बैठकीच्या खोलीच्या भिंतीत जुनी लाकडाची शेकोटी होती, फायरप्लेस, विटांची, कधीची बंद केलेली. महेशच्या कारखान्यातल्या एकानं सुचवलं की त्या जागी गॅसची बसव. काही गॅसच्या शेकोट्या अशा असतात की त्यांच्यात एक छोटी ज्योत कायम जळत असते आणि त्यांना विजेची गरजच लागत नाही. वस्तू ऑनलाइन मिळते, पाईप आपणच जोडू, तू तर मशीनवरचा माणूस. महेशना ते पटलं होतं. थंडीचा अंदाज रोज फोनवर येत होता आणि तेही माझ्याइतकेच घाबरलेले होते.

"एका रविवारचं काम आहे गं," ते म्हणाले.

"न्हाय," मी म्हटलं. एरवी मी त्यांच्याशी घरात अशी बोलत नाही. "ह्या घरात गॅसच्या पाईपला परवान्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय. तुम्हीपण न्हाय. एकदा मी दोघांना ओढून काढलंय. परत माझ्यात ताकद न्हाय."

संध्याकाळी त्यांनीच गॅसफिटरला फोन केला.

त्यानंतरचे आठवडे सगळ्यात वाईट गेले. परवानगी मिळायची होती, फिटरच्या मागं दुसऱ्यांची कामं होती, माल यायचा होता. बॅटरीवर चालणारे दोन अलार्म आम्ही लगेच आणले, एक झोपायच्या खोल्यांपाशी, एक खाली. पण अलार्म ऊब देत नाही. वारा सुटला की मी कामावर असताना भाजी चिरता चिरता थांबायची आणि दिव्याकडं बघायची. आप्पा दिवसेंदिवस हलके होत चालले होते. आंघोळ घालताना त्यांच्या पाठीची हाडं माझ्या हाताला लागायची आणि मी नळ मोठा सोडून रडायची.

फिटर आला तो उंच, अबोल माणूस. जुन्या धुराड्यात टॉर्च मारून त्यानं मान हलवली. आतल्या विटा फुटलेल्या होत्या, ते वापरणं धोक्याचं. बंद काचेची शेकोटी बसवायची, म्हणाला, जी बाहेरचीच हवा घेते आणि जळलेला वायू बाहेरच सोडते. घरातल्या हवेशी तिचा संबंध नाही. नळी भिंतीतून आरपार काढायची. आम्ही दाखवलेली जागा त्यानं नाकारली, कारण नळीचं तोंड आप्पांच्या खिडकीच्या अगदी खाली आलं असतं. मग दुसरी भिंत ठरली, खिडक्यांपासून लांब, बर्फ साठतो त्याच्या वरच्या अंगाला. भोवतीचं लाकूड किती अंतरावर हवं तेही त्यानं पुस्तकात बघून मोजलं. पाईप जोडल्यावर त्यानं प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. आप्पा खुर्चीतून बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला.

"आपला सिलिंडरवालाबी असंच करतोय की," ते म्हणाले. "बुडबुडा आला की गळती."

बुडबुडा आला नाही. नंतर तपासनीस बाई येऊन सगळं बघून गेल्या, मगच शेकोटी पेटवायची मुभा मिळाली. महेशनी गुंडी फिरवली आणि काचेमागं ज्योती उभ्या राहिल्या. काच तापते म्हणून पुढं जाळी होती. ईशाला तिच्यापासून लांब बसायचं बजावलं. आप्पांनी खुर्ची वळवून घेतली, बराच वेळ बघितलं.

"ह्यात फुंकायला जागाच न्हाय," म्हणाले. पण हात पुढं धरले. आणि त्या दिवशी ताट रिकामं परत आलं.

जाताना फिटरनं एक गोष्ट मला दोनदा सांगितली होती: बाहेरचं नळीचं तोंड बर्फाखाली जाऊ द्यायचं नाही. ज्योत वाकडी झाली, जागेवरून वर उचलली जायला लागली, तर गॅस बंद करायचा, आधी बाहेर जाऊन बघायचं.

मार्चमध्ये परत वादळ आलं. इथं मार्च म्हणजे उन्हाळ्याची चाहूल नव्हे. रस्ते बंद झाले, महेश कारखान्यातच अडकले आणि सकाळीच वीज गेली. शेकोटी मात्र जळत राहिली. मी आप्पांचं अंथरूण तिच्या समोर आणलं, ईशाला त्यांच्या शेजारी घेतलं. तिनं आजोबांच्या पायांवर स्वतःचं ब्लँकेट घातलं. "आज्जा, आर यू वॉर्म?" आप्पांनी मान हलवली. त्या दोघांना एवढं जवळ मी डिसेंबरनंतर पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी ज्योती थरथरल्या. आधी एका बाजूच्या वर उचलल्या गेल्या, मग सगळ्याच. मी धावत जाऊन गॅस बंद केला. अलार्म वाजले नव्हते, दोन्ही बघून घेतले. मग बूट, कोट, फावडं.

बाहेर काही दिसत नव्हतं. वाऱ्यानं बर्फ उडून त्याच भिंतीला लागला होता, फिटरनं धरलेल्या उंचीच्याही वर. मी मांडीएवढ्या बर्फातून भिंत चाचपत गेले आणि उकरायला लागले. उकरलं की वारा परत भरायचा. शेवटी नळीचं तोंड दिसलं. आत आले, सांगितल्याप्रमाणे जरा वेळ थांबले, परत पेटवलं. ज्योती सरळ उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं परत वाकल्या. परत बंद, परत बाहेर. असं दिवसभर. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, त्याची मला जास्त भीती वाटली. एकदा तर मी फावडं टाकून भिंतीला डोकं टेकलं आणि तोंडातून "आई गं, न्हाय होत आता" असं निघालं. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आप्पा, अंगात माझा जुना कोट, हातात ईशाचं खेळातलं फावडं, धापा टाकत.

"सर बाजूला. मी उकरतो."

"आप्पा, आत जावा!"

"एकटी मरशील हितं!"

"आत ईशाजवळ थांबा! ज्योतीकडं बघा. वाकडी झाली की मला खिडकी वाजवून सांगा. तेवढं करा!"

ते थांबले. मग मान हलवून आत गेले. त्यानंतर मला आत-बाहेर करून ज्योत बघत बसावं लागलं नाही. मी बाहेर उकरत राहायची, आणि आप्पा काचेमागच्या आगीकडं डोळे लावून बसायचे. खिडकी वाजली की मी आत धावायची आणि गॅस बंद करायची. अंधार पडायच्या आधी वारा बसला. ज्योत मग वाकली नाही.

वीज आल्यावर आप्पांनी मला निपाणीला फोन लावायला सांगितला. पार्वतीआक्कांशी ते स्वतः बोलले. "घर बंद ठिवू नको आक्का. वाळवी लागंल. कुणी नवराबायको बघ, ऱ्हाऊ देत. मी काय आता येत न्हाय." पलीकडून आक्कांच्या रडण्याचा आवाज आला. आप्पा रडले नाहीत. फोन माझ्या हातात देऊन त्यांनी खुर्ची वळवली. मीच न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

आता तिथं एक तरुण जोडपं राहतं. आक्का सांगतात, परसातला बंब त्यांनी काढला नाही. माझं तिकडं परत जायचं जे एक ठिकाण होतं ते गेलं, आणि अजून कधी कधी मला सकाळी उठून ते पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटतं. इकडं आलेल्यांनो, तुमच्यापैकी कुणाला गावाकडून म्हातारं माणूस आणायचं असेल, तर मी आणा म्हणणार नाही आणि नको असंही म्हणणार नाही. आप्पांची छाती पुढची थंडी काढेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी निपाणी म्हणायची. आता म्हणत नाही. बर्फ पडायला लागला की मी बूट चढवते, फावडं घेते आणि त्या भिंतीशी जाते. आत माझी माणसं असतात, बाहेर मी, आणि मधल्या भिंतीतलं ते एक भोक मला मोकळं ठेवायचं असतं.