मचाणावरचं ऑफिस आणि बाबांची जवारी

मंडळी, आज माझ्या नव्या ऑफिसचा पहिला दिवस होता आणि पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली!

घरून काम करते, पण घरात कुकर आणि टीव्ही शांत बसू देत नाहीत. म्हणून कामरगावच्या आमच्या घरामागच्या बागेत, कडुलिंबाखाली मचाण बांधून घेतलं. पिवळंधम्मक, गोल खिडकीचं. चढायला शिडी, उतरायला घसरगुंडी! सुतारकाका तीनदा म्हणाले, "ऑफिसले घसरगुंडी काहून व?"

बाबांना तर लॅपटॉपसमोर बसणं हे काम वाटतच नाही.

आज अकराच्या मीटिंगमध्ये मी बोलत होते, तेवढ्यात खालून बाबा ओरडले, "अवं, मचाणावर बसली ना तू? पाखरं दिसून नाई राह्यले काय तुले? सारी जवारी खाऊन राह्यले!"

आमच्याकडे मचाणावर जो बसेल त्यानेच पिकाची राखण करायची. लहानपणापासूनची सवय. मी खिडकीतून डोकं काढलं आणि पोटातून आरोळी ठोकली, "हाऽऽ हुर्रर्रऽऽ!"

बागेपलीकडच्या जवारीतून थवा उडाला. इकडे माइक चालूच होता. पुण्यातल्या साहेबांच्या शर्टावर चहा सांडला.

"सॉरी सर, पाखरं होती."

"गेली का?" त्यांनी विचारलं आणि सगळी टीम हसत सुटली.

थोड्या वेळाने बाबा पहिल्यांदाच शिडी चढून वर आले. माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाले, "चाल, आज तरी काई काम केलं तूनं."

मग इकडेतिकडे पाहिलं, पायजमा सावरला आणि घसरगुंडीवरून सुर्रकन खाली!

आता तुम्हीच सांगा, उद्या हे ऑफिस मला मिळेल का?