बिनमिठाचं कढण

आर्डिस टोलेफसनने घरातली मीठदाणी कचऱ्यात टाकली ती ऑक्टोबरात. नवऱ्याला, व्हर्लिनला, रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू झाली होती आणि दवाखान्यात 'मीठ कमी करा' असं सांगितलं होतं. कमी करणं आर्डिसच्या स्वभावातच नव्हतं. ती एखादी गोष्ट करायची, नाहीतर अजिबात करायची नाही. त्यात तिने वाचनालयातून अल्कलाइन आहाराचं एक जाडजूड पुस्तक आणलं. अंगात साठलेलं आम्ल भाज्या, लिंबू आणि गरम पेयांनी उतरवायचं, असं त्यात होतं. मीठ बेताने कसं घ्यावं यावरही एक प्रकरण होतं. ते तिने वाचलंच नाही, कारण घरात मीठ उरलं कुठे होतं?

कॉफी बंद झाली. सकाळी गरम पाण्यात लिंबू, दहाला आल्याचा काढा आणि दुपारी बटाट्याची सालं, गाजर नि सेलरी तासभर उकळून गाळलेलं कढण. सेलरीचा वास पार गोठ्यापर्यंत जायचा आणि चव भांडी विसळलेल्या पाण्याच्या फार पुढे नव्हती. पण हे मिनेसोटात कुणाच्या तोंडावर कोण बोलणार?

आमच्याकडे बोलायची एक रीत आहे. पदार्थ फार आवडला तर म्हणायचं, 'वाईट नाही.' घशाखाली उतरत नसेल तर म्हणायचं, 'वेगळंच आहे हं.' आणि कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच खेपेला हात पुढे करणारा बाहेरगावचा समजावा.

नाताळच्या आधीच्या एका रविवारी आर्डिस चर्चच्या तळघरात कढणाचं पातेलं घेऊन गेली. तिथलं स्वयंपाकघर लव्हर्नच्या ताब्यात, आणि लव्हर्न तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"घे ना कपभर."

"नको गं, आत्ताच कॉफी झाली."

"अगं, घे."

"राहू दे, बाकीच्यांना पुरायला नको?"

"लव्हर्न, घे म्हणते ना!"

"बरं, अगदी थोडं." लव्हर्नने घोट घेतला आणि छताकडे बघितलं. "वेगळंच आहे हं, आर्डिस."

पाठोपाठ आणखी दहा बायकांनी तेच सांगितलं. आर्डिस काही खुळी नव्हती. तोंड एवढंसं करून ती घरी आली आणि उरलेलं कढण तिने नवऱ्यापुढे ठेवलं. व्हर्लिनने कप रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाला, "वाईट नाही."

झालं! अकरा बायका गेल्या उडत. दुसऱ्या दिवसापासून आर्डिस एकाऐवजी दोन थर्मास भरून देऊ लागली. गोठलेल्या तळ्यावर व्हर्लिनची मासे धरायची खोपटी होती. बर्फाला भोक पाडून दिवसभर गळ टाकून बसायचा. संध्याकाळी दोन्ही थर्मास रिकामे परत यायचे आणि ते विसळताना तिला फार बरं वाटायचं.

जानेवारीत एके दिवशी तो एक थर्मास घरीच विसरला. दुपारी ती गाडी घेऊन बर्फावरून खोपटीपर्यंत गेली. व्हर्लिन स्टुलावर बसला होता, हातात गळ होता, पण भोकावर केव्हाच नवा बर्फ धरला होता आणि दोरी त्यावर वेटोळं घालून पडली होती.

"काय रे हे? मासा काय दार वाजवून येणार आहे?"

त्याने वर पाहिलं. "इनेझ, तू कधी आलीस?"

इनेझ त्याची बहीण. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आर्डिसने थर्मास खाली ठेवला. तिने त्याला काखेत धरून गाडीत बसवलं आणि वाटभर त्याच्याशी बोलत राहिली, त्याने झोपू नये म्हणून.

इस्पितळात रक्त तपासलं. तरुण डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "मीठ किती खातात हे?"

"एक कणही नाही," आर्डिस ताठ बसून म्हणाली.

"तेच झालंय. गोळी मीठ बाहेर काढतेय, तुम्ही वरून नुसतं पाणी भरताय. रक्तातलं मीठ फार उतरलंय. थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते." मग ती जरा मऊ झाली. "भाज्या द्या, लिंबू द्या, चांगलंच आहे. रक्तातल्या आम्लाचं शरीर स्वतः बघून घेतं. गोळी मी बदलते. मीठ मात्र मोजून द्यायचं, दिवसभराच्या खाण्यात सगळं मिळून जेमतेम पाऊण छोटा चमचा. आणि गरम पेयंही आता मोजूनच."

दोन दिवसांनी व्हर्लिन पूर्ण शुद्धीवर आला. चक्कर कधीपासून येत होती, या प्रश्नावर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या सणापासून. नोव्हेंबर सरत होता तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इतकं मनापासून करत होतीस."

आर्डिसला त्याचा असा राग आला की काय सांगावं, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपल्या हाताने आपण या माणसाला घालवत होतो आणि हा 'वाईट नाही' म्हणत पीत होता.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा कढण केलं. नवी मीठदाणी आणली होती. छोट्या चमच्याने मोजून चिमूटभर घातलं, ढवळलं आणि कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने घोट घेतला.

"वाईट—"

"व्हर्लिन." तिने पळी खाली ठेवली. "आता खरं सांग."

त्याने कप रिकामा केला. चव्वेचाळीस वर्षांची सवय अशी पटकन सुटत नाही.

"मला सेलरी आवडत नाही," तो शेवटी म्हणाला. "कधीच आवडली नाही."

"लग्नापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

"आणि मीठ?"

"मीठ आता बरोबर आहे."

आर्डिस त्याच्यासमोर बसली आणि भर दुपारी, ॲप्रन डोळ्यांना लावून रडली. व्हर्लिनने तिला रडू दिलं. मग रिकामा कप तिच्यापुढे सरकवला. तिने अजून एकदाही 'घे' म्हटलं नव्हतं.

"आणखी अर्धा दे," तो म्हणाला.