लाइव्ह बिघडलं की खुर्ची गॅलरीत

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी रोज साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान सकाळी झाडता येते. किस्से डोक्यात जाऊन बसतात, आणि माझं डोकं आधीच तापट! परवा पुण्याच्या जुन्या मैत्रिणी भेटल्या. म्हणाल्या, "हिंगोलीत सॉफ्टवेअर कंपनी? तिथं काय गं घडत असेल?" म्हटलं, चहा सांगा आणि ऐका. फक्त मध्ये बोलू नका, मला राग येतो.

तर, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं चार. मालक नागरे सर. "मी हैदराबादला काम केलेला माणूस आहे," हे ते रोज एकदा तरी सांगतात. मोबाइल ॲप बनवणारा दत्ता. डेटाबेस बघणारी मी, वर्षा, पुण्याची नोकरी सोडून घरी परतलेली. आणि टेस्टिंग करणारी शिवकन्या, जवळच्या साखरा गावची. तिच्या घरी शेती आणि मेंढ्या.

काम एका संस्थेचं. ती गावोगावी शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचे कॅम्प घेते. कोणाच्या कोणत्या जनावराला कोणती लस दिली, ते संस्थेची माणसं फोनवर भरतात आणि ते आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडतं.

या डेटाबेसची मांडणी, म्हणजे टेबलं कोणती आणि त्यात रकाने कोणते, ती आमच्याकडे तीन ठिकाणी असते. टेस्टवर शिवकन्या तपासते, ट्रायलवर संस्थेचे लोक बघतात, आणि लाइव्हवर खरं काम चालतं. तिन्ही ठिकाणी मांडणी सारखी पाहिजे, एवढीच अपेक्षा! पण सर मनात येईल तेव्हा, मनात येईल तिथं, स्वतःच्या हातानं बदल करणार. मग तिन्हींची तोंडं तीन दिशांना.

*

आता आमचा रिवाज सांगते. लाइव्ह बिघडलं की ज्याच्यामुळे बिघडलं त्याची खुर्ची सोमवारच्या मीटिंगआधी गॅलरीत ठेवायची, आणि त्यानं मीटिंगभर उभं राहायचं. नियम सरांचाच. आणि मीटिंगची सुरुवातही ठरलेली. सर आपल्या चाकांच्या काळ्या खुर्चीत मागे रेलणार, पाय हलवणार आणि म्हणणार, "हं, सांगा. काय करून राहिले होते तुमी?"

एकदा संस्थेच्या मॅडमचा फोन आला की गाभण जनावराची वेगळी नोंद पाहिजे. सरांनी फोन ठेवला आणि थेट लाइव्हवर 'गाभण' नावाचा रकाना घातला. वर तो सक्तीचाही केला. आम्हाला सांगितलं नाही. टेस्टवर तो नाही, ट्रायलवर नाही, दत्ताच्या ॲपला त्याचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी कॅम्पात एकही नोंद होईना!

गॅलरीत खुर्ची कोणाची गेली? शिवकन्याची.

"तपासलं नव्हतं का?" सर म्हणाले.

"सर, टेस्टवर तो रकानाच न्हाई. मग तपासू काय?"

"न्हाई ना? म्हणूनच तर तपासायला पाहिजे होतं!"

*

आमच्या स्क्रिप्ट, म्हणजे डेटाबेस बदलायच्या आज्ञांच्या फाइली, कुठे राहायच्या माहीत आहे? व्हॉट्सॲप ग्रुपवर! 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी', 'फायनल सरांची'. मी किती वेळा सांगितलं, सर, गिटमध्ये ठेवू. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं राहतं. सर म्हणायचे, "आपल्याकडं ग्रुप आहे ना!"

त्या ग्रुपवर रोज सकाळी सरांचे गुलाबाचे शुभ सकाळ यायचे. एकदा त्या गुलाबांखाली 'फायनल खरी' गाडली गेली आणि दत्तानं ट्रायलवर 'फायनल नवीन' चालवली. संस्थेसमोर डेमो होता. पडद्यावर सगळ्या शेळ्या कोंबड्या म्हणून दिसल्या.

मी म्हटलं, निदान स्क्रिप्ट ग्रुपवर पिन तरी करून ठेवा.

सर माझ्याकडे बघतच राहिले. "स्क्रिप्ट पिन केल्यावर पुतण्याची लग्नपत्रिका कुठं पिन करायची?"

*

हा किस्सा ऐकताना मात्र हसू नका.

लाइव्हचं लॉगिन एकच, सरांच्या नावाचं, आणि पासवर्ड फक्त त्यांना पाठ. एकदा सर साखरपुड्याला आखाडा बाळापूरला गेले होते. मी त्या दिवशी रजेवर. तिकडून त्यांनी शिवकन्याला फोन लावला. लाइव्हवर कोणीतरी गंमत म्हणून भरलेली पाच-सहा खोटी जनावरं होती, ती काढायची होती. पासवर्ड सांगितला, मग एकेक शब्द सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण शाळेत पाठ केली होती. आमच्याकडे शेळ्याही खऱ्या निघाल्या.

कोणती जनावरं काढायची, ती अटच सरांनी सांगितली नाही. शिवकन्यानं विचारलंही, "सर, एवढंच? अट न्हाई लावायची का?"

"मी हैदराबादला हेच केलंय. मार एंटर."

सगळी जनावरं गेली! बॅकअप आदल्या रात्रीचा. म्हणजे त्या दिवसाचा अख्खा साखऱ्याचा कॅम्प पुसला गेला. तिच्याच गावचा. तिचे वडील सकाळपासून कळप घेऊन उन्हात रांगेत उभे राहिले होते. कॅम्प संपल्यावर शिवकन्यानं त्यांना फोनवर विचारलं, लस झाली होती का? ते म्हणाले, "आता मेंढ्यालाच इचारा म्हणावं."

सोमवारी सर म्हणाले, "मी सांगितलं खरं, पण टाइप करणाऱ्यानं डोकं वापरायला पाहिजे होतं." आणि मग, "आता अजून एकदा झालं, की घरी बसायचं."

शिवकन्या उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण तिचं घर मला माहीत होतं. ही नोकरी तिनं वर्षभर भांडून मिळवली होती, आणि तिच्या काकांनी स्थळ आणून ठेवलं होतं, फक्त नोकरी सुटायची वाट होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! मीटिंग संपल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन ओरडले. खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला, एवढी ओरडले. सर म्हणाले, "मॅडम, बीपी बघून घ्या."

*

मग मी हट्टाला पेटले. हे हातानं करणंच बंद पाडायचं, असं ठरवलं. रोज दुपारी सर जेवायला घरी जाऊन तासभर आडवे होतात. तेवढ्या वेळात आम्ही तिघं बसायचो. प्रत्येक बदलाची एक फाइल, तिला नंबर, ती गिटमध्ये. मशीन ती आधी टेस्टवर चालवणार, शिवकन्याच्या तपासण्या पास झाल्या तर ट्रायलवर, आणि मगच लाइव्हवर. माणसानं मध्ये हात घालायचा नाही.

तयार झाल्यावर सरांना समजावायला बसले. त्यांना कळेना, एकदा चाललेली फाइल मशीन पुन्हा कशी चालवत नाही ते.

मी म्हटलं, "सर, कॅम्पात लस टोचली की मेंढीच्या पाठीवर तांबडा ठिपका लावतात ना? म्हणजे तिला परत टोचत नाहीत. तसंच. फाइल चालली की मशीन तिच्यावर ठिपका लावतं."

सरांचा चेहरा उजळला. मला वाटलं, पटलं! म्हणाले, "बराबर. एकदम बराबर. फक्त ठिपका मी लावत जाईन."

*

मशीन तसंच पडून राहिलं असतं. पण डेटा पुसला गेल्यापासून संस्थेच्या मॅडम खवळलेल्या होत्या. त्यांनी फोनवर ठणकावलं, "हे ऑटोमॅटिक होणार नसेल तर आम्ही काम दुसरीकडं देतो."

सर म्हणाले, "अहो मॅडम, आमच्याकडं हे कधीचंच आहे!"

मी लगेच संधी साधली. सांगितलं, मग प्रत्येकाचं लॉगिन वेगळं पाहिजे, तुमचंसुद्धा. आणि लाइव्हची मांडणी गिटशी जुळते का, हे मशीन सारखं बघत राहील. कोणी हात लावला तर नावासकट ग्रुपवर टाकेल. सर घाईत "व्हय व्हय" म्हणाले. बहुतेक ऐकलंच नव्हतं.

पहिल्यांदा मशीन चालवायचं ठरलं तेव्हा सरांनी मुहूर्त काढला, हार आणला, कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. नारळ खाली गाडीत राहिला म्हणून स्वतः आणायला गेले. तेवढ्यात मुहूर्ताची वेळ झाली आणि दत्तानं बटण दाबलं. सर धापा टाकत वर आले तर टेस्ट, ट्रायल, लाइव्ह, तिन्हीकडे हिरवं!

"झालं? नारळ फोडायच्या आधीच?"

"व्हय सर," दत्ता म्हणाला.

"मग परत करा."

सरांनी नारळ फोडला, दत्तानं परत बटण दाबलं. सगळ्या फाइलींवर ठिपके होतेच. मशीननं सांगितलं, करायला काही शिल्लक नाही, चुका शून्य.

सर आमच्याकडे वळले. "बघा! नारळ फोडल्यावर एक तरी चूक आली का?"

*

आणि आता हा शेवटचा.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं होतं. खुर्ची गॅलरीत जायची बंद झाली होती. पण "अजून एकदा" ही तलवार शिवकन्याच्या डोक्यावर होतीच. फोन वाजला तरी ती दचकायची, आणि ते बघून माझं रक्त उकळायचं.

एका गुरुवारी नरसी नामदेवजवळ मोठा कॅम्प होता. अकराच्या सुमारास तिथून फोनवर फोन यायला लागले. नोंदी होत नाहीत, माणसं कळप घेऊन उन्हात खोळंबली आहेत. सर केबिनमधून तरातरा बाहेर आले.

"शिवकन्या! सांगितलं होतं का न्हाई मी? उचल तुझी बॅग!"

ती उठली. पिशवीत डबा घातला, पाण्याची बाटली घातली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चौघांचेही फोन एकदम वाजले. ग्रुपवर मशीनचा मेसेज होता. सरांच्या शुभ सकाळच्या बरोबर खाली.

'लाइव्हवर हाताने बदल. रकान्याचे नाव बदलले: गाभण ऐवजी गर्भवती. करणारे: नागरे.'

आम्ही तिघांनी सरांकडे बघितलं.

"ते... मॅडमचा फोन आला होता," सर म्हणाले. "पाहुणे येणार होते कॅम्पाला. म्हणे, गाभण शब्द बरा दिसत न्हाई."

"सर, पडद्यावरचा शब्द दत्तानं बदलून दिला असता," मी म्हटलं. "काहून लाइव्हला हात लावला?"

"वाटलं, छोटंसं काम आहे."

ॲप अजून 'गाभण'च शोधत होतं, म्हणून मी मशीनकडून रकान्याचं नाव पूर्ववत करून घेतलं. नोंदी सुरू झाल्या. सर केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. बॅगेचं काय, ते काही बोलले नाहीत. शिवकन्यानंही विचारलं नाही. तिनं डबा परत बाहेर काढला आणि जेवून घेतलं.

सोमवारी मी आणि दत्ता मीटिंगला पोचलो तर खोलीत तीनच खुर्च्या. शिवकन्याची तिच्या जागेवर होती. गॅलरीतल्या उन्हानं तिचा निळा रंग पार उडालेला, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. गॅलरीत या वेळी चाकांची, उंच पाठीची, काळी खुर्ची उभी होती.

दत्ता कुजबुजला, "शिवे, काहून केलंस गं? नोकरी जाईल ना."

ती वहीत तारीख टाकत राहिली.

सर आले. दारातच थांबले. रिकाम्या जागेकडे बघितलं, मग गॅलरीकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी ते आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

शिवकन्या तिच्या विटक्या खुर्चीत मागे रेलली. पाय हलवायला लागली.

"हं, सांगा सर. काय करून राहिले होते तुमी?"