बाबांनी दिलेला चार्ज

शनिवारी सकाळी बोईसरला माहेरी पोचले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पालघरला होतं. नवरा त्यांच्यासोबत जाणार आणि मी घरी आईजवळ थांबणार, असं ठरलं होतं.

'चार्ज' हा शब्द आता मोबाईलपुरता उरलाय... फार तर डॉक्टर किती चार्ज करतात, एवढाच. पण इथून जवळच कुंभवलीत राहायचो तेव्हा आमच्या घरात तो रोज ड्युटीवर असायचा. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. 'आज मोठी बॅच चार्ज केली' म्हणजे रिॲक्टरमध्ये माल भरला. साहेब रजेवर गेले की 'प्लांटचा चार्ज माझ्याकडे' हे सांगताना कॉलर ताठ!

पण खरा चार्ज शिफ्ट सुटताना द्यायचा. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला की त्याला घेऊन प्लांटमध्ये फिरायचं. प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून दाखवायचं, हा उघडा, हा बंद. तो 'घेतला चार्ज' म्हणाला की मगच निघायचं. रिलीव्हर आलाच नाही तर घरी काहीही असो, जागा सोडायची नाही.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला बाबा असेच आले नाहीत. केक कापून झाला, पोरं वेफर्स संपवून गेली, मी फुरंगटून बसले. आई म्हणाली, "रिलीवर नाय आला त्यांचा. तसंच टाकून कसे येतील?" नवा फ्रॉक घातलेली ती संध्याकाळ अजून आठवते... आणि आईचा तेव्हाचा खणखणीत आवाजही.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून तिचं सगळं बाबाच करतात. डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं आणि आता डॉक्टर रागावले होते, आणखी थांबलात तर नजर जाईल.

मागच्या वेळी शेजारच्या काकू बसायला आल्या होत्या. "जा तुमी, मी हाय ना," म्हणाल्या... आणि बाबांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. आम्ही सगळे म्हणालो, म्हातारा घाबरला.

मीही आल्या आल्या काकूंसारखंच केलं. "निघा बाबा, मला सगळं माहितीय." रिक्षा दारात, नवरा फाईल घेऊन उभा, आणि बाबा खुर्चीत बसले ते बसलेच.

मी चिडले. "ऑपरेशनला घाबरताय का?" तोंडून गेलंच.

बाबा शांतपणे म्हणाले, "काय माहीत हाय तुला, सांग बघू."

मला आईच्या गोळ्यांची नावंसुद्धा धड सांगता येईनात. दर रविवारी फोन करणारी मुलगी मी... मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूच म्हटलं, "बाबा, मला चार्ज द्या."

ते ताडकन उठले. गोळ्यांचा डबा, पाणी पाजायचा लांब चोचीचा कप, डाव्या टाचेखालची उशी... एकेका गोष्टीला माझा हात लावून दाखवलं. "घास उजवीकडून भरव. पयल्यांदा विचारलंस तर नको म्हनते, म्हनून दोनदा विचार." आई पलंगावरून आमच्याकडे बघत होती.

सगळं माझ्याकडून परत वदवून घेतलं. मग विचारलं, "घेतलास?"

"घेतला."

बाबांनी चपला घातल्या आणि मागे वळून न बघता रिक्षात बसले.

तासाभराने नवऱ्याचा फोन आला. मला वाटलं, काही बिनसलं. तर म्हणाला, "बाबा बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपलेत गं. नर्स दोनदा नाव पुकारून गेली... उठवायला जीव होत नाहीये."

मी फोन धरून स्वयंपाकघरात रडत उभी राहिले. दोन वर्षं मी त्यांना दर रविवारी 'काळजी घ्या' म्हणत होते... आणि त्यांना रिलीव्हर हवा होता.